शेवटचं पान नाही : एका चित्रपटाच्या कामाच्या नोंदी

६ मे

सराफ बाजारामागच्या गल्लीत काकांच्या वाड्यावर आज पहिली बैठक झाली. कॅमेरा मुद्दाम नेला नाही. काका आता ऐंशीच्या घरात आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत ते वाड्याच्या पायरीवर सतरंजी टाकायचे आणि वर सुतळी बांधून तिच्यावर कॉमिक्स लटकवायचे. तिथेच बसून वाचलं तर पाच पैसे, घरी न्यायचं तर दहा, नवा अंक असेल तर चार आणे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, त्याचा इतिहास छापलेला आहे. पायरीवरच्या या वाचनालयाची नोंद कुठेच नाही, म्हणून मला ही फिल्म करायची आहे.

माझ्या डोक्यात गोष्ट सरळ होती. काकांचा संग्रह दाखवायचा, पानांवरून कॅमेरा फिरवायचा, जुन्या वाचकांना बोलतं करायचं. तासाभराचा माहितीपट. चहा येईपर्यंत ती कल्पना निकालात निघाली.

"काका, किती कॉमिक्स उरलीत?" मी विचारलं. त्यांनी नुसता हात हलवला. २००८ च्या सप्टेंबरात गोदावरीला पूर आला, सराफ बाजारात पाणी शिरलं. पत्र्याची ट्रंक खालच्या खोलीत होती. "तीन दिवसांनी उघडली, तर सगळ्याचा एकच लगदा. काकूने घमेल्याने बाहेर काढला." काकू आतून म्हणाल्या, "लाल रंग फरशीला कितीतरी दिवस राहिला होता."

उरली आहे ती एक वही. माळ्यावर होती म्हणून वाचली. लांबट, हिशेबाची, लाल कापडाच्या पाठीची.

१० मे

वही घरी आणायला काकांनी परवानगी दिली. दोन रात्री वाचते आहे. रकाने असे: अंक, मुलाचं नाव, दिवस, पैसे, शेरा. 'अंक' म्हणजे छापील क्रमांक नव्हे, काकांनी पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठीचा क्रमांक. त्यामुळे कोणता नंबर म्हणजे कोणतं कॉमिक, हे वहीवरून कळत नाही. शेऱ्यात 'कोपरा दुमडला', 'चहा सांडला', 'आईने परत पाठवलं'.

आणि ११२ नंबरापुढे 'शे. पा. ना.'

काकांना फोन लावला. "शेवटचं पान नाही," ते म्हणाले. "कुणीतरी फाडलं. नवा अंक आणायचा तर तो मिळेना." मी पुढे मोजत गेले. शेवटचं पान नाही असा शेरा पडल्यानंतर ११२ नंबर सतरा वेळा गेलाय. काही मुलांनी दोनदा-तीनदा नेलाय. म्हणजे गोष्टीला शेवट नाही हे माहीत असून मुलं दहा पैसे मोजत होती.

आज माझी फिल्म मला सापडली. 

१९ मे

हक्कांचं काम. जुन्या कॉमिक्सची पानं पडद्यावर दाखवायची तर रीतसर परवानगी हवी आणि तिचे पैसे आपल्याला झेपणारे नाहीत. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. वेताळ (इंग्रजीतला फँटम) आणि जादूगार मँड्रेक या दोघांचे जनक ली फॉक गेले १९९९ मध्ये. वाट पाहण्याचा प्रश्नच नाही.

संदर्भासाठी लिहून ठेवते. फॉकचा मँड्रेक १९३४ चा, वेताळ १९३६ चा. टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि १९९० पर्यंत चालवलं. वेताळाच्या देशाचं मूळ नाव 'बंगाल'च्या फार जवळ जाणारं होतं, म्हणून इंद्रजालने ते 'डेंकाली' केलं. १९६७ मध्ये अनंत पै यांनी अमर चित्र कथा सुरू केली. तिची पुस्तकं मोठी माणसं कौतुकाने विकत घेऊन द्यायची, त्यामुळे काकांच्या पायरीवर त्यांना मागणी कमी. वेताळ मात्र घरात लपवावा लागायचा, म्हणून तो भाड्याने जायचा. हे काकांचं निरीक्षण आहे आणि मला ते पटतं.

निर्णय: खऱ्या कॉमिकचं एकही पान दाखवायचं नाही. ११२ नंबर आपण स्वतः काढायचा, स्वतः छापायचा. चित्रं सर काढणार. सर म्हणजे माझे शाळेतले चित्रकलेचे शिक्षक, निवृत्तीनंतर गंगापूर रोडला राहतात. त्यांनी विचारलं, "गोष्ट काय?" मी म्हटलं, "ती वाचकांना विचारायचीय."

२ जून

पहिली मुलाखत: रिक्षावाले दादा. शालिमारच्या स्टँडवर भेटले, पण गाड्यांच्या आवाजात काही घेता येईना. शेवटी त्यांच्याच रिक्षात, गोदापार्कजवळ झाडाखाली उभं राहून शूट केलं. माझा मामेभाऊ कॅमेऱ्यावर, मी पुढच्या सीटवर मागे वळून.

दादा सुरेख बोलले. थोरल्या भावाच्या मांडीवर बसून 'बहादूर' वाचायचो, भाऊ चित्रांवर बोट ठेवून वाचून दाखवायचा, डाकू आले की आवाज बदलायचा. भाऊ १९७४ मध्ये तापाने गेला. हे सांगताना दादांनी हँडलवरचा हात काढला नाही.

घरी येऊन ध्वनिफीत ऐकताना लक्षात आलं. बहादूर हे आबिद सुरती यांचं पात्र, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची, आणि तो आला १९७६ मध्ये. भाऊ गेल्यानंतर दोन वर्षांनी.

रात्रभर विचार केला. हा भाग काढून टाकायचा, तर फिल्ममधला सगळ्यात खरा क्षण जातो. तसाच ठेवायचा, तर मी प्रेक्षकाला चुकीची गोष्ट खरी म्हणून सांगते. खाली तारखेची पट्टी टाकून चूक दाखवायची, तर ज्या माणसाने विश्वासाने भावाची आठवण काढली त्याला मी चारचौघांत खोटं पाडते. तिन्ही नको.

४ जून

दादांना जाऊन सांगितलं. पाठीमागून काही करायचं नव्हतं. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "मग ते दुसरं काहीतरी असेल, ताई. पण भाऊ होता."

यावरून नियम केला. जे माणूस कॅमेऱ्यासमोर सांगतो, ते पूर्ण पडदाभर, जसं आहे तसं. जे आपण रचतो, ते पांढऱ्या समासाच्या आत, कॉमिकच्या चौकटीसारखं. दादा बोलतील तेव्हा त्यांचा चेहरा पूर्ण पडद्यावर. भावाच्या मांडीवर बसलेला मुलगा दिसेल तो चौकटीत, आणि भावाच्या हातातल्या कॉमिकचं मुखपृष्ठ आपण दाखवायचं नाही. बहादूर दाखवला तर आपण चूक रेखली. दुसरं काही दाखवलं तर आपण त्यांची आठवण दुरुस्त केली. पुस्तकाची फक्त मागची बाजू दिसेल.

कॉमिक वाचताना आपण नेहमी हेच करतो. एका चौकटीत माणूस दारात उभा, पुढच्या चौकटीत खुर्चीत बसलेला. मधलं चालणं कुणीच काढलेलं नसतं. दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत ते वाचणारा चालतो. फिल्मला ही पांढरी पट्टी दिसेल अशी ठेवायची आहे, झाकायची नाही.

११ जून

बँकेतून निवृत्त झालेल्या ताई, इंदिरानगर. वहीत त्यांचं नाव चार वेळा आहे, ११२ साठी दोनदा. मुलींनी पायरीवर बसायचं नाही असा घरचा दंडक, म्हणून धाकट्या भावाला पाठवायच्या आणि नाव मात्र स्वतःचं लिहायला लावायच्या. त्या हसून म्हणाल्या, "पैसे माझे होते, मग नाव माझंच."

११२ ची गोष्ट, दादा आणि ताई दोघांच्या सांगण्यातून जुळते ती इतकीच: शेवटून दुसऱ्या पानावर नायक पुलावरून पुरात पडतो. नायक कोण, यावर दोघांचं एकमत नाही. दादा म्हणतात वेताळ. ताई म्हणतात, "छे, साधा माणूस होता, मुखवटा नव्हता."

दादांचा शेवट: पुलावरची एक बाई लुगड्याचा पदर सोडते, तो धरून नायक वर येतो. ताईंचा शेवट: तो बुडतो, आणि पुढच्या अंकात त्याचा मुलगा येतो. "वेताळाचं तसंच ना, बाप गेला की मुलगा. आत्ताचा एकविसावा." नायक वेताळ नव्हता असं आधी सांगूनही त्यांनी वेताळाचा कायदा त्याला लावला. मी काही बोलले नाही.

प्रत्येकाला वेगळं भेटायचं, एकत्र बसवायचं नाही, हे आधी ठरवलं ते बरं झालं. एकत्र बसले असते तर अर्ध्या तासात एकच शेवट ठरला असता.

२४ जून

तांबट आळी. वहीतलं एक नाव इतर नावांसारखं नाही. 'पैसे' रकान्यात सगळीकडे शून्य आणि शेऱ्यात 'ऐकतो'. काकांना विचारलं तर म्हणाले, "तांबटाचा पोरगा. पैसे नसायचे. पायरीच्या खाली उभा राहायचा आणि वाचणाऱ्या पोराला म्हणायचा, मोठ्याने वाच."

तो पोरगा आता साठीचा आहे. आळीत सगळे त्यांना मामा म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो. तांब्याचे हंडे-कळश्या घडवतात, गिऱ्हाईक कमी झालंय, तरी रोज सकाळी ऐरणीवर बसतात. मुलाखत देता का विचारलं तर म्हणाले, "मी एकही कॉमिक वाचलेलं नाही. मला कशाला विचारता?"

मग हातोडा न थांबवता पाऊण तास बोलले.

त्यांच्या ११२ मध्ये पूल म्हणजे आपला होळकर पूल. दुसरा पूल त्यांनी तेव्हा पाहिलाच नव्हता. पूर म्हणजे गंगेचा, आपल्या गोदावरीचा पूर, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागलेलं. नायक पडतो, पाणी त्याला रामकुंडावरून खाली ओढतं. त्याला पोहता येत नाही, कारण मामांनाही तेव्हा येत नव्हतं. वाहत वाहत तो मारुतीपाशी येतो, आणि मूर्तीला दोन तोंडं असल्यामुळे त्याला येताना एक चेहरा दिसतो, पुढे गेल्यावर दुसरा. दुसरा चेहरा दिसतो तेव्हा त्याला कळतं की आपण अजून जिवंत आहोत. बाहेर कसा येतो? "ते मी रोज वेगळं करायचो. ऐरणीवर बसून. बाप म्हणायचा ठोके चुकतायत तुझे."

ज्या मुलाने चित्र पाहिलंच नाही त्याच्याकडे सगळ्यात जास्त चित्रं आहेत. मी परतताना रविवार कारंजापर्यंत चालत आले, रिक्षा करायचं सुचलं नाही.

आवाजाची नोंद: हातोड्याचे ठोके वेगळ्या ट्रॅकवर घेतले नाहीत, ही माझी चूक. पुन्हा जावं लागेल.

८ जुलै

सरांच्या घरी पानं पसरली आहेत. गोष्ट मामांची. नायक साधा माणूस, नाव नाही, मुखवटा नाही. ३२ पानांचा अंक, म्हणजे आपल्याला ३१ काढायची.

सर पुण्याच्या प्रताप मुळीक यांना फार मानतात. अमर चित्र कथेसाठी केलेलं त्यांचं काम आणि राज कॉमिक्सच्या नागराजचे सुरुवातीचे अंक सरांकडे जपून ठेवलेले आहेत. ते पुढे ठेवून त्यांनी मला दाखवलं की गर्दी काढताना मुळीक पुढच्या दोन-तीन माणसांवरच मेहनत घेतात, मागच्यांच्या नुसत्या पगड्या आणि खांदे. घाटावरच्या गर्दीला आम्ही तेच वापरणार. नक्कल मात्र करायची नाही, हे सरांनीच तीनदा बजावलं.

अक्षरांवर दोन दिवस गेले, आणि गेले ते बरंच झालं. जुन्या मराठी कॉमिक्समध्ये फुगे इंग्रजीच्या मोठ्या अक्षरांसाठी आखलेले असायचे. इंग्रजीची ओळ सपाट. आपल्याला वर मात्रा-वेलांटी-अनुस्वार आणि खाली उकार, म्हणजे एका ओळीला दीड ओळीची जागा. त्यामुळे मराठी मजकूर कापावा लागायचा, किंवा अक्षरं इतकी बारीक की डोळे फुटावेत. 'तू कुठून आलास आणि तुला काय हवंय' याचं 'कोण रे तू?' होऊन जायचं. ताई म्हणाल्या होत्या की कॉमिकमधली माणसं तुटक बोलायची म्हणून त्यांना ती शूर वाटायची. त्या शूरपणात फुग्याच्या मापाचाही वाटा असावा. सरांनी फुगे मराठीच्या मापाने मोठे काढले होते. मी ते लहान करून घेतले. नायकाने तुटकच बोललं पाहिजे.

छपाई अंबडच्या एका ऑफसेट प्रेसमध्ये. तिथल्या भाऊंना पहिल्यांदा माझं म्हणणं पटेचना. आज चांगल्या कामाला १५० किंवा १७५ लाइनचा स्क्रीन लागतो, म्हणजे इंचाला ठिपक्यांच्या तेवढ्या ओळी, मी ६५ चा मागत होते, वरून कागद न्यूजप्रिंट. "मॅडम, ठिपके दिसतील." दिसायलाच हवेत. सायन १५ अंशावर, मॅजेंटा ७५, यलो शून्य, ब्लॅक ४५, हे कोन पाळले की चारही रंगांच्या ठिपक्यांची फुलं तयार होतात. लहानपणी पान डोळ्याजवळ नेलं की वेताळाचा गाल गुलाबी नसायचा, पांढऱ्यावर लाल-पिवळे ठिपके असायचे. भाऊंनी एक फर्मा मुद्दाम रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, हलवून काढला. नायकाच्या ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरला. भाऊ स्वतःच म्हणाले, "हां, आत्ता ते जुनं वाटतंय," आणि मशीनवरच्या पोराला बोलावून दाखवलं.

मामेभावाची सूचना होती की चहाच्या पाण्यात बुडवून पानं पिवळी करू. नको म्हटलं. न्यूजप्रिंटमध्ये लाकडाचं लिग्निन राहतं, उजेड-हवा लागली की तो आपोआप पिवळा पडतो. आमचा अंक नवा आहे, तो नवाच दिसू दे. वीस वर्षांनी तो स्वतःहून जुना होईल.

४ ऑगस्ट

गंगापूर धरणातून विसर्ग. सकाळी दहाला पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याच्या वर होतं. होळकर पुलावरून आणि गाडगे महाराज पुलावरून लांब लेन्सने शूट केलं. घाटावर उतरलो नाही. मामेभाऊ उतरू म्हणत होता, त्याला ओरडले. चाळीस मिनिटांचं पाणी मिळालं. पुरे आहे.

पुलावर गर्दी होती आणि एकेक जण मारुतीकडे बोट दाखवून पाणी किती चढलं ते सांगत होता: पायाला, गुडघ्याला, कमरेला. धरणातून किती क्युसेक सोडलं हा आकडा मोबाईलवर सगळ्यांकडे होता, तरी मोजमाप मारुतीच्या अंगावरच चाललं होतं. ते सगळं आवाजासकट घेतलंय.

९ सप्टेंबर

पैसे संपत आले, म्हणून काम बंद. आठवडाभर काही केलं नाही. आज पांडवलेणीच्या पायथ्याला फाळके स्मारकाजवळ जाऊन बसले.

दादासाहेब आपल्या त्र्यंबकचे. त्यांच्याबद्दल 'राजा हरिश्चंद्र', १९१३, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. मला आज त्याच्या आधीची गोष्ट आठवत होती. फाळके छपाईतले माणूस. राजा रविवर्म्यांच्या छापखान्याशी त्यांचा संबंध होता, पुढे स्वतःचा छापखाना काढला, रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी १९०९ मध्ये जर्मनीला गेले. म्हणजे हलत्या चित्राआधी त्यांनी रंगाचे ठिपके पाहिले होते. आणि भांडवल उभं करायला त्यांनी पहिल्यांदा पौराणिक कथा केली नाही, कुंडीतला वाटाणा केला. रोज थोडं थोडं चित्रण करून बी रुजून वेल होईपर्यंतची फिल्म, 'अंकुराची वाढ'. तो माहितीपटच होता, आणि पाहणाऱ्यांना ती जादू वाटली. पुढे १९१७ मध्ये चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारी छोटी फिल्म केली, तिच्यात दिग्दर्शक म्हणून ते स्वतःच वावरतात. खऱ्या दिग्दर्शकाने दिग्दर्शकाचं काम करून दाखवायचं, याला काय म्हणायचं, माहितीपट की नाटक? त्यांना हा प्रश्न पडला नसावा. मला मे महिन्यापासून तो छळतोय, आणि आज तिथे बसल्यावर थोडा सैल झाला.

संध्याकाळी सरांचा फोन: "पानं पूर्ण झाली. पैशांचं नंतर बघू, तू शूट लाव."

१२ नोव्हेंबर

दिवाळीनंतरचा पहिला आठवडा, वाड्याच्या पायरीवर चौकटीतला भाग. दहा वर्षांचा मुलगा, महापालिकेच्या शाळेतला, याआधी कॅमेऱ्यासमोर कधी उभा राहिलेला नाही. त्याने अंक हातात घेतला आणि मोबाईल धरतात तसा एका हातात धरून अंगठ्याने पान वर सरकवायला गेला. मी काही बोलण्याआधी काका खुर्चीतून उठले.

"असं नाही बाळा." काकांनी सहा-सहा अंक एकत्र दाभणाने शिवलेले असायचे, सुतळी भरून, वर पुठ्ठा खळीने चिकटवलेला. शिलाई आतल्या बाजूची बोटभर जागा खायची. गठ्ठा मांडीवर ठेवून दोन्ही अंगठ्यांनी मधोमध दाबून उघडावा लागायचा, तरी आतल्या फुग्यांतलं अर्धं वाक्य शिलाईत जायचं. "मग काय करायचे?" मुलाने विचारलं. काका म्हणाले, "अंदाजाने वाचायचे. सवय व्हायची."

कॅमेरा चालू होता. मामेभावाने तो बंद केला नाही आणि मीही खूण केली नाही. खरे काका रचलेल्या दृश्यात शिरले होते आणि तिथल्या मुलाला खरी गोष्ट शिकवत होते.

आता पांढऱ्या समासाचं काय? २००३ चा 'अमेरिकन स्प्लेंडर' हा चित्रपट मी या कामासाठी पुन्हा पाहिला होता. क्लीव्हलँडच्या इस्पितळात फायली लावणाऱ्या हार्वी पीकरने १९७६ पासून स्वतःच्या रोजच्या जगण्यावर कॉमिक लिहिलं. चित्रं वेगवेगळ्या चित्रकारांची, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत त्याचा चेहरा वेगळा. चित्रपटात खरा पीकर आणि त्याची भूमिका करणारा नट एकाच पडद्यावर येतात, आणि पाहताना कुठे खटकत नाही, कारण चेहरा बदलण्याची सवय त्या कॉमिकनेच लावलेली आहे. आमच्याकडे तसा चेहऱ्यांचा खेळ नाही. आमच्याकडे एक रेघ आहे, आणि काकांनी ती ओलांडली.

ठरवलं ते असं: काका उठतात तेव्हा त्यांच्या बाजूचा समास जाईल. मुलाच्या बाजूचा राहील. 

(पिंगुळीच्या ठाकर समाजातल्या चित्रकथींचा विचार आज सारखा येत होता. सुटी चित्रं, एक एक समोर धरायचं आणि गात गोष्ट सांगायची. पोथीतलं एखादं चित्र हरवलं असेल तर कथेकरी ते गळ्याने भरत असेल का? फिल्ममध्ये याला जागा नाही. पुढे कधीतरी कुडाळला जायचं.)

३ डिसेंबर

पुण्याच्या एका संग्राहकाचा निरोप. काकांनी सांगितलेल्या वर्णनावरून त्यांनी घरचे गठ्ठे चाळले, आणि पूल, पूर, पडणारा माणूस असलेला एक अंक सापडला. शेवटच्या पानाचा फोटो पाठवलाय.

फोटो उघडला नाही. आधी काकांना विचारायला हवं होतं.

५ डिसेंबर

काकांनी मोबाईल डोळ्याजवळ नेऊन फोटो पाहिला. अर्ध्या पानावर जाहिरात, उरलेल्या अर्ध्यात तीन चौकटी, नायक काठावर बसून कपडे पिळतोय. "हे नव्हे," काका म्हणाले. मग काकूंनी पाहिला. त्या म्हणाल्या, "हेच असेल." काका पुन्हा म्हणाले, "नव्हे."

मामेभावाचं म्हणणं, हा शोध फिल्मचा शेवट आहे, प्रेक्षक याचीच वाट पाहत बसेल. त्याचा मुद्दा मी झटकून टाकत नाही. पण ती मुलं सतरा वेळा ज्या पानासाठी पैसे देत होती ते छापील पान नव्हतंच. तीन चौकटींत कपडे पिळणारा माणूस दाखवला तर दादांची पदर सोडणारी बाई, ताईंचा मुलगा आणि मामांचा दुतोंड्या हे तिन्ही शेवट चुकलेली उत्तरं ठरतात. काका-काकूंचं हे दोन वाक्यांचं भांडण फिल्ममध्ये राहील. फोटो राहणार नाही. संग्राहकांना फोन करून कारण सांगितलं. त्यांना वाईट वाटलं असावं, पण त्यांनी समजून घेतलं.

२० जानेवारी

संकलन. ९४ मिनिटं होती, आज ७१. दादांच्या भावाचा प्रसंग लावून पाहिला. पुस्तकाची फक्त मागची बाजू दिसते आणि समास जागेवर आहे. दादांना आधी दाखवला. त्यांनी दोनदा लावायला सांगितला आणि म्हणाले, "शर्ट निळा होता त्याचा." रंग दुरुस्त करता येईल, चौकटीतलंच आहे. निळा केला.

६ फेब्रुवारी

तांबट आळी, राहिलेले ठोके वेगळे घ्यायला. छापलेला ११२ सोबत नेला होता. ३१ पानं, शेवटचं नाही.

मामांनी हात धुतले, अंगोछ्याला पुसले, अंक घेतला, मुखपृष्ठ पाहिलं आणि न उघडता फळीवर ठेवला. "संध्याकाळी बघतो. आता भट्टी पेटलीय." शूट करायचं होतं आम्हाला, ते पहिल्यांदा उघडतात तो क्षण. विचारावंसं वाटलं नाही. ठोके घेतले, तीन वेगवेगळ्या भांड्यांवरचे, आणि निघालो.

७ फेब्रुवारी

सकाळी सातला मामांचा फोन.

"वाचलं. तिसाव्या पानावर तुमचं चुकलंय. पाणी होळकर पुलाकडून रामकुंडाकडे येतं. तुम्ही दुतोंड्या पुलाच्या वरच्या अंगाला काढलाय. तो माणूस पुलावरून पडला तर मारुतीपाशी पोचेल कसा?"

मी, सर, मामेभाऊ, प्रेसमधले भाऊ, चौघांनी ते पान पन्नास वेळा पाहिलं असेल. सगळे नाशिकचे. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

सर पान नव्याने काढताहेत, पूल डावीकडे, मारुती उजवीकडे. प्लेट पुन्हा करावी लागेल. भाऊ म्हणाले गुरुवारी मशीन रिकामं आहे. कागद पुरेल इतका उरलाय, एकशेवीस प्रती निघतील. पहिली मामांना.